विमानाने नाश्त्याला: पालो आल्टोहून हाफ मून बे

विमानाने नाश्त्याला जायचं ठरलं असेल तर निघण्याआधी घरी वाटीभर पोहे खाऊन घ्या. हे गमतीने म्हटलेलं नाही. पोटात भूक, मागच्या सीटवर हौसेने आलेले पाहुणे आणि डोळ्यांसमोर गरम ऑम्लेट असलं की भलाभला वैमानिक ढगातलं भोक शोधायला लागतो. पोट भरलेलं असलं की "आज नको, परत फिरू" हे वाक्य सहज तोंडातून निघतं. खाली जे सांगितलं आहे त्यातलं निम्मं तरी हे वाक्य स्वस्तात म्हणता यावं यासाठीच आहे.

अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांचा हा जुना छंद आहे. शनिवारी-रविवारी जवळच्या एखाद्या छोट्या विमानतळावर उतरायचं, विमान बांधायचं, चार पावलांवरच्या हॉटेलात खायचं आणि घरी परतायचं. याला ते लोक 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. शंभर डॉलरात भागत होतं तो काळ कधीच गेला, नाव तेवढं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणारी, पालो आल्टो, सॅन कार्लोस किंवा रीड-हिलव्ह्यूला विमान शिकलेली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांना सोयीचा म्हणून पालो आल्टो ते हाफ मून बे हा मार्ग घेऊ आणि विमान क्लबकडून भाड्याने मिळणारं सेसना १७२एस (एका इंजिनाचं, चार जणांचं विमान) धरू. विमान दुसरं असेल तर आकडे त्याच्या पुस्तिकेतून घ्या.

कागदपत्रं आणि माणसं

प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट हवं, मेडिकल किंवा बेसिकमेड (मेडिकलचा सोपा पर्याय) चालू हवं आणि गेल्या २४ महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी) झालेला हवा. प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानात तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असली पाहिजेत. हा शेवटचा नियम बरेच जण विसरतात. दिवाळीच्या सुट्टीत भारतात जाऊन आलं आणि मग ख्रिसमसची गर्दी लागली की ९० दिवस सहज उलटतात. पाहुण्यांना बोलावण्याआधी लॉगबुक उघडून मोजा. कमी पडत असेल तर आदल्या दिवशी एकट्याने तीन फेऱ्या मारून या.

अजून शिकायला सुरुवातच केली नसेल तर इन्स्ट्रक्टरला घेऊन असंच नाश्त्याला जाता येतं, आणि ते तास लॉगबुकात धरलेही जातात. एच-१बीवर असा किंवा ग्रीन कार्डवर, अमेरिकेचं नागरिकत्व नसेल तर प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएच्या (वाहतूक सुरक्षा संस्थेच्या) फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅमची मंजुरी घ्यावी लागते. एकदाच मारलेल्या चाचणी फेरीला ती लागत नाही, आणि प्रवासी म्हणून बसायला तर काहीच लागत नाही.

आदल्या रात्रीच्या पार्टीचा हिशेब पण याच वेळी करा. शेवटच्या घोटानंतर निदान आठ तास जायला हवेत, हा कायदा झाला. शहाणपणाचं म्हणाल तर बारा तास धरा.

धुकं: सगळं यावर अवलंबून

मे ते ऑगस्ट या काळात हाफ मून बेला सकाळी आठला उतरण्याचा बेत म्हणजे बहुतेक वेळा ढगाच्या गादीकडे बघत माघारी येण्याचा बेत. किनाऱ्यालगतचं पाणी थंड असतं, त्यावरची हवा गार आणि दमट होते, आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. आत फ्रेस्नो-सॅक्रामेंटोकडे पारा चढला की तिथला हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची ही हवा आत ओढली जाते. रात्री तिच्यात ढगाचा थर तयार होतो. थर हजारेक फुटांचा असेल तर मधली स्कायलाइनची डोंगररांग त्याला अडवते. म्हणजे पालो आल्टोला लख्ख ऊन असतं आणि डोंगरापलीकडे विमानतळ झाकलेला असतो. फसगत होते ती याच परिस्थितीत. घरच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाला काही अर्थ नाही.

हा थर वरच्या उन्हाने वितळतो असं वाटतं, पण तसं होत नाही. ढगातून झिरपलेलं ऊन जमीन तापवतं, जमिनीलगतची हवा वर घुसळली जाते आणि थर कडेकडेने, जमिनीच्या बाजूने विरत जातो. समुद्रावर तापायला जमीनच नाही, म्हणून तिथला ढग जागचा हलत नाही. विमानतळ अगदी पाण्याच्या काठावर असल्याने त्याचं नशीब याच सीमारेषेवर ठरतं. दहा वाजता मोकळा झालेला रनवे वारा वळला की साडेअकराला पुन्हा झाकला जातो.

म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी या गोष्टी बघा:

राष्ट्रीय हवामान सेवेच्या बे एरिया कार्यालयाचं 'फोरकास्ट डिस्कशन' वाचा. ते साध्या इंग्रजीत असतं आणि त्यात बहुतेक वेळा मरीन लेयर किती फूट खोल आहे हेही लिहिलेलं असतं. पाचशे फुटांचा उथळ थर सहसा लवकर विरतो. दोन हजारांच्या वरचा असेल तर पालो आल्टोही झाकलेलं असेल, निवांत झोपा.

मग हाफ मून बेचा मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवेचा अहवाल) बघा. आत्ताचा एकच नको, मागच्या तीन तासांचे सगळे बघा. ओव्हीसी ००६, म्हणजे सहाशे फुटांवर पूर्ण झाकोळ, हा आकडा तीन तास तसाच असेल तर पुढच्या तासात चमत्कार होणार नाही. ००६ चे ००९ आणि मग बीकेएन ०१२ (बाराशे फुटांवर तुटक ढग) असे होत गेले तर थर उचलला जातोय. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचंच अंतर असेल आणि ते वाढत नसेल, तर आज नाही म्हणून समजा. टीएएफ (विमानतळाचे हवामान अंदाज) सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजेच्या मोठ्या विमानतळांचे मिळतात. त्यांवरून कल फक्त कळतो, किनाऱ्याची हमी मिळत नाही.

सूर्य वर आला की उपग्रहाचं दृश्य चित्र चालवून पाहा. ढगाची कड किनाऱ्यापासून समुद्राकडे सरकताना दिसली तर निघा. ती कड नुसती किनाऱ्यावर टेकून बसली असेल तर अजून तासभर थांबा. टेबल मिळेल की नाही याची काळजी करू नका, अकरा वाजताही लोक नाश्ताच खात असतात.

कायद्याने जमिनीलगतच्या क्लास जी (हवाई नियंत्रण नसलेल्या) हवेत दिवसा एक मैल दृश्यता आणि ढगाबाहेर एवढं पुरतं. या तरतुदीवर नाश्त्याला जाऊ नका. ढगाचा तळ निदान २,००० फूट आणि दृश्यता ५ मैल, यापेक्षा कमी असेल तर दुसरीकडे जायचं, हे घरी बसूनच कागदावर लिहून ठेवा. हवेत ठरवायला गेलं की आकडे लवचीक होतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात उपकरणांवर उडवायची परवानगी) असलं म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही नाही. इथे जीपीएस अप्रोच (जीपीएसच्या आधाराने ढगातून उतरायची ठरलेली वाट) आहे, पण उन्हाळ्यातला थर कित्येकदा त्याच्या किमान उंचीच्याही खाली असतो.

दुसरीकडे म्हणजे कुठे? उन्हाळ्यात आत जा, हिवाळ्यात किनाऱ्याकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सेंट्रल व्हॅलीत टूली फॉग नावाचं दाट धुकं पडतं, ते कधी कधी दिवसेंदिवस उठत नाही. त्याच वेळी दोन पावसाळी प्रणालींच्या मधल्या दिवसांत हाफ मून बेला काचेसारखं स्वच्छ आभाळ असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर तर किनाऱ्यासाठी सर्वात चांगला. उन्हाळ्यात हॅरिस रँच बघा: कोअलिंगाजवळ, आय-५ महामार्गाला लागून, पालो आल्टोहून सुमारे ११५ नॉटिकल मैल. तिथला रनवे २,८२० फूट लांब आणि फक्त ३० फूट रुंद आहे, आडवा वारा असताना नवख्याने पहिल्यांदा तिथे जाऊ नये. सिएरा नेवाडा डोंगराच्या पायथ्याशी कोलंबिया आहे, तिथून जुनं सोन्याच्या खाणीचं गाव पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कोलंबियाची उंची सुमारे २,१०० फूट, त्यामुळे उन्हाळ्यात दुपार व्हायच्या आत निघा, गरम हवेत विमान आळशी होतं. पेटालुमाचं टू नायनर डायनर लोकप्रिय आहे, पण उन्हाळी धुक्याला पर्याय म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तिथल्या टेकड्यांमध्ये खिंड आहे आणि समुद्राची हवा तिच्यातूनच आत येते.

वजन

१७२एसचं कमाल वजन २,५५० पौंड. रिकामं विमान प्रत्येक नगाचं वेगळं असतं, त्या नगाच्या कागदांतच बघा. उदाहरणासाठी १,६८० धरू. म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून ८७० पौंड उरले. एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) गॅलनला ६ पौंड. दोन्ही टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगं ५३ गॅलन, म्हणजे ३१८ पौंड.

वैमानिक १७५, दोघे सोबती १६० आणि १४०, पिशव्या २०: झाले ४९५. टाक्या भरून ८१३. तिघांचं छान जमतं. चौथा १५० पौंडांचा माणूस आला की बेरीज ९६३, म्हणजे ९३ पौंड जास्त. अशा वेळी टाकीच्या तोंडाखाली जो टॅब असतो तिथपर्यंतच इंधन घ्यायचं, दोन्ही मिळून ३५ गॅलन, म्हणजे २१०. एकूण ८५५, कमालीच्या १५ पौंड आत. तासाला ९ गॅलन धरले तर ३५ गॅलनात पावणेचार तासांपेक्षा थोडं जास्त उडता येतं आणि आपलं काम जेमतेम दीड तासाचं आहे. दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर बघून केलेल्या) उड्डाणाला कायद्याने मुक्कामी पोहोचल्यानंतर अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक लागतं. आपण एक तास धरावा, कारण धुक्यामुळे कुठेतरी तिसरीकडे जावं लागणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे.

पाहुण्यांना वजन विचारायला संकोच वाटतो, आणि लोक सांगतात ते लग्नातलं वजन असतं. सरळ सांगा की कपडे-बुटांसह हवं आहे, आणि प्रत्येकाच्या आकड्यात दहा पौंड मिळवा. वरचा १५ पौंडांचा फरक तेवढ्यातच संपतो हे लक्षात आलं असेलच. तसं झालं तर टॅबच्याही खाली जायचं किंवा चौथ्याला पुढच्या शनिवारी न्यायचं. दोन जड माणसं मागे आणि त्यामागे पिशव्या असं असेल तर बेरजेबरोबर गुरुत्वमध्यही काढा. सामानाच्या जागेची मर्यादा १२० पौंड आहे.

पालो आल्टोचा रनवे २,४४३ फूट लांब. पूर्ण वजनात, समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात १७२एसला जमीन सोडायला ९६० फूट आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला १,६३० फूट लागतात. हे आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या हाताचे आहेत. त्यांवर दीडपट धरलं तर दुसरा आकडा जवळपास रनवेच्या लांबीएवढाच होतो. उकाड्याच्या दिवशी चौघे घेऊन निघायचं असेल तर पुस्तिकेतलं कोष्टक उघडायलाच हवं.

निघण्याआधी

विमान चार तासांसाठी राखून ठेवा. उड्डाण दीड तासाचं असलं तरी. पुढच्या माणसाची वेळ होत आली म्हणून धुक्यात घुसलेले वैमानिक भुकेपोटी घुसलेल्यांपेक्षा कमी नसतील. धुक्यात अडकलात तर क्लबला फोन करा, कुणीही रागावत नाही.

नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) बघा. शनिवार-रविवारी मोठ्या स्टेडियममध्ये सामने असतात. सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत स्टेडियमभोवती ३ नॉटिकल मैल आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत बंदी असते. दोन्ही विमानतळ सॅन फ्रान्सिस्को विमानतळापासून ३० मैलांच्या आत आहेत आणि त्याच्याभोवती क्लास बी ही कडक नियंत्रणाची हवाई हद्द आहे, त्यामुळे ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी आउट ही विमानाची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रं चालू हवीतच. हॉटेलला फोन करून आज चालू आहे ना ते विचारा. विमानतळावरची हॉटेलं मालक बदलतात, वेळा बदलतात, आणि इंटरनेटवर जुनीच माहिती राहते.

प्रीफ्लाइट (उडण्याआधीची विमानाची तपासणी) करताना घाई करू नका, पाहुण्यांना तेवढा वेळ बाजूला उभं करा. गप्पा मारत केलेल्या प्रीफ्लाइटमध्ये हमखास एखादी गोष्ट राहते: पिटॉट कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण), शेपटीची साखळी, नाहीतर टाकीचं झाकण. १७२एसला इंधनाचा नमुना काढायच्या १३ जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. १००एलएल (हेच एव्हगॅस) निळसर दिसतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर स्वच्छ येईपर्यंत काढत राहा. समुद्राकाठी रात्रभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या विमानात पाणी सापडणं नवलाचं नाही. इंधन गेजवर विसंबू नका, काठी बुडवून मोजा. ऑइल ५ क्वार्टच्या खाली असेल तर उडायचं नाही. अनेक क्लब ८ पर्यंत भरत नाहीत, कारण वरचं एक क्वार्ट ब्रीदरच्या नळीतून उडून पोटाला फासलं जातं.

प्रवाशांना पाच गोष्टी सांगा: पट्टा कसा लावायचा आणि सोडायचा, दार कसं उघडतं, अग्निशामक कुठे आहे, उलटीची पिशवी कुठे आहे, आणि "मी हात वर केला की बोलणं थांबवा". शेवटची सूचना सगळ्यात उपयोगी. आणि विमानात संडास नाही हे गाडीत बसण्याआधी सांगा, विमानात बसल्यावर नको.

रनअपला, म्हणजे उडण्याआधी इंजिन तपासताना, १,८०० आरपीएमवर मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे दोन संच) तपासताना घट १५० च्या आत आणि दोन्हींमधला फरक ५० च्या आत हवा. इंजिन खडखडलं तर बऱ्याचदा प्लगवर शिसं बसलेलं असतं. पुस्तिकेप्रमाणे मिक्स्चर लीन करून (हवेतलं इंधनाचं प्रमाण कमी करून) थोडा वेळ चालवा आणि पुन्हा तपासा. तरीही घट जास्त असेल तर विमान परत जागेवर न्या. मंडळींना मोटारीने नाश्त्याला नेता येतं.

वाटेत

सरळ रेषेत हे अंतर एकोणीसेक नॉटिकल मैलच आहे, पंधरा मिनिटांत संपतं. निवांत जायचं तर दक्षिणेकडून वळसा घ्या. पालो आल्टोहून डोंगर ओलांडून आन्यो न्युएवोजवळ समुद्र गाठायचा आणि मग किनाऱ्याने उत्तरेला यायचं, साधारण ४८ मैल. टॉवरला पहिल्याच कॉलमध्ये दिशा सांगा, कारण एका बाजूला मॉफेट आणि दुसऱ्या बाजूला सॅन कार्लोस विमानतळाची हवाई हद्द अगदी चिकटून आहे. वर क्लास बीचे थर पायऱ्यांसारखे उतरत येतात, त्यांचे तळ नकाशात बघून प्रत्येक टप्प्यावर जास्तीत जास्त किती उंचीवर जाता येईल ते लिहून घ्या. आत जायचं असेल तर 'क्लिअर्ड इंटू क्लास ब्राव्हो' हे शब्द तुमच्या विमानाच्या नावासह कानांवर पडले पाहिजेत. कंट्रोलर नुसतं "रडार कॉन्टॅक्ट" म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. नॉर-कॅल अप्रोचकडून (या भागाच्या रडार केंद्राकडून) फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे आजूबाजूच्या विमानांची सूचना, मात्र जरूर घ्या.

डोंगररांग दोन-अडीच हजार फुटांची आहे. हजार फूट वरून ओलांडा, आणि पश्चिमेचा वारा जोरात असेल तर त्याहून वरून, नाहीतर पूर्वेच्या उतारावर मागच्या सीटवाल्यांचे पोहे वर येतील. कड्यावरून पलीकडे बघा. खाली पांढरी गादी दिसली तर तिच्यावरून हाफ मून बेपर्यंत जाऊन बघण्यात काही हशील नाही. मेटारने तेच सांगितलं असणार. एखादं भोक दिसलं तरी त्यातून खाली जाऊ नका. खाली गेल्यावर वरचं भोक बुजतं, समोर ढग डोंगराला टेकलेला असतो आणि बाहेर पडायची एकच वाट उरते, ती समुद्राकडे.

किनारा मोकळा असेल तर पिजन पॉइंटचं दीपगृह डावीकडे ठेवून या. ११५ फूट उंच, १८७२ सालचं, फोटोला अप्रतिम. प्रवाशांना समुद्र नीट दिसायला हवा असतो, म्हणून वैमानिक नकळत पाण्याकडे सरकतो. १७२ इंजिनाशिवाय हजार फुटांत साधारण दीड मैल तरंगतं, म्हणजे २,००० फुटांवरून तीन मैल, तेही वारा नसताना. किनाऱ्यापासून मैलापेक्षा लांब जाऊ नका. इथलं पाणी बाराही महिने गार असतं. सागरी अभयारण्याच्या काही पट्ट्यांवर १,००० फुटांच्या खाली उडायला मनाई आहे, नकाशावर ते पट्टे आखलेले असतात.

उतरताना

हाफ मून बेला टॉवर नाही. १२२.८ वर सगळे एकमेकांना सांगत येतात. वॉटसनव्हिलही याच वारंवारतेवर आहे आणि मोकळ्या दिवशी दोन्हीकडचं एकत्र ऐकू येतं, म्हणून विमानतळाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटीही घ्यायचं: "हाफ मून बे ट्रॅफिक, सेसना अमुक, टेन माइल्स साउथ, टू थाउजंड, इनबाउंड फॉर लँडिंग, हाफ मून बे." दहा मैलांवर, पाच मैलांवर आणि पॅटर्नच्या (उतरण्याआधी रनवेभोवती मारायच्या चौकोनी फेरीच्या) प्रत्येक वळणावर बोला. पॅटर्न डावा की उजवा आणि त्याची उंची किती, हे निघण्याआधीच चार्ट सप्लिमेंटमध्ये (विमानतळांच्या माहिती पुस्तिकेत) बघून ठेवा. सरळ फायनलला (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) घुसू नका. १८ ऑगस्ट २०२२ रोजी वॉटसनव्हिलला पॅटर्नमधलं सेसना १५२ आणि सरळ, फार वेगाने येणारं दोन इंजिनांचं सेसना ३४० रनवेजवळ धडकली आणि तिघांचा जीव गेला. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. बोलणं पुरेसं नसतं, नजर बाहेर हवी. सुट्टीच्या सकाळी पॅटर्नमध्ये तीन-चार विमानं असणं साधी गोष्ट आहे, आणि रेडिओच नसलेलं एखादं जुनं विमानही त्यांत असू शकतं.

रनवे १२/३० (दोन टोकांच्या दिशांचे आकडे), लांबी ५,००० फूट, रुंदी १५० फूट. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बांधलेला, म्हणून एवढा ऐसपैस. वारा बहुधा समुद्राकडून असतो आणि ३० वापरात असतो. पालो आल्टोच्या वैमानिकाला इथे डोळे फसवतात. तिथला रनवे फक्त ७० फूट रुंद. रुंद पट्टी दिसली की आपण खाली आलोय असं वाटतं, हात आधीच मागे ओढला जातो आणि विमान दहा फुटांवर वेग गमावून धप्पकन बसतं. उपाय असा: नजर पट्टीच्या पलीकडच्या टोकाला ठेवा, फायनलला ६५ नॉट धरा आणि जमीन खरंच वर येतेय असं दिसेपर्यंत फ्लेअर करू नका (नाक वर उचलू नका). लांबी भरपूर आहे, घाईने ब्रेक मारून टायर झिजवू नका. पण रनवे मोकळा करायला रेंगाळूही नका, मागे कुणीतरी फायनलला असतंच.

विमान बांधा, मग खा

थ्री-झिरो कॅफे विमानं उभी करतात त्या जागेला लागूनच आहे. पाहुण्यांना उतरवताना इंजिन पूर्ण बंद, मिक्स्चर बाहेर, किल्ली काढून डॅशबोर्डवर. प्रॉपेलर थांबल्याशिवाय कुणी दार उघडायचं नाही, आणि लहान मुलांचा हात मोठ्यांनीच धरायचा. शेजारच्या विमानाचं इंजिन कधी सुरू होईल सांगता येत नाही. तिन्ही दोर बांधा, कंट्रोल लॉक लावा. मास्टर स्विच बंद केला का ते पुन्हा बघा. बीकन (शेपटीवरचा लाल दिवा) नेहमी चालूच ठेवायची सवय असेल, तर मास्टर चालू राहिल्यास चालत जाताना वळून बघितल्यावर लाल दिवा लुकलुकताना दिसतो. ऑम्लेट खाऊन येईपर्यंत बॅटरी बसलेली असणं हा इथला नेहमीचा अपघात आहे.

खाताना खिडकीजवळ बसा आणि समुद्राकडे तोंड करा. क्षितिज पुसट व्हायला लागलं की बिल मागवा. मागच्या सीटवरच्यांना तेलकट आणि गोड कमी खायला सांगा, परतीला दुपारचे झोके वाढलेले असतात.

गरम इंजिन

नाश्त्याच्या उड्डाणाचा खास आजार म्हणजे हा. १७२एसच्या इंजिनात इंधन इंजेक्टरमधून जातं. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास गेला की काउलिंगच्या (इंजिनाच्या आवरणाच्या) आतली उष्णता वर चढते आणि इंजिनावरच्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळून त्याची वाफ होते. सकाळी थंड असताना जशी सुरुवात केली तशीच आता केली तर एकतर वाफेमुळे पेटत नाही, नाहीतर प्राइम (सुरू करण्याआधी आत ढकललेलं इंधन) जास्त होऊन इंजिन इंधनात बुडतं. टेबलावरचे लोक बघत असतात, वैमानिक स्टार्टर दाबत राहतो, बॅटरी उतरत जाते.

गरम असताना प्राइम करू नका. मिक्स्चर आयडल कट-ऑफला (इंधन बंद), थ्रॉटल पाव इंच आत, स्टार्टर फिरवा. पेटलं की मिक्स्चर हळूहळू पुढे न्या, थ्रॉटल आयडलच्या आसपास आणा आणि इंजिन अडखळलं तर फ्युएल पंप क्षणभर लावा. पेट्रोलचा वास येतोय आणि पेटत नाही, म्हणजे बुडालं. मग मिक्स्चर मागेच ठेवून थ्रॉटल अर्ध्यापासून पूर्ण आत न्या आणि फिरवा. पेटल्याबरोबर मिक्स्चर पुढे आणि थ्रॉटल मागे, दोन्ही एकदम, म्हणून हात आधीच जागेवर असू द्या. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये २० सेकंद थांबायचं, आणि तीनदा झालं की दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत ऑइलचं झाकण-दार उघडं ठेवलं की उष्णता लवकर बाहेर पडते. निघताना ते बंद करायला विसरू नका. वेळ असेल तर पहिल्यापासूनच तासभर खात बसा आणि विमानाचं नाक वाऱ्याकडे करून ठेवा.

परत

निघण्याआधी पालो आल्टोचा मेटार पुन्हा बघा. दुपारी खाडीवरचा वारा वाढतो. १७२साठी चाचणी उड्डाणात दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे. नवख्याने त्याच्या निम्म्यातच थांबावं. आता फसगत उलटी होते: १५० फुटांवरून ७० फुटांवर आल्यावर अरुंद पट्टी आपण फार उंच आहोत असं भासवते, आणि विमान खाली दाबलं जातं. पालो आल्टोच्या रनवेच्या टोकाशी दलदल आणि खाडी आहे, तिथे कमी पडून चालत नाही. ग्लाइडपाथचे दिवे (उतरण्याचा कोन सांगणारे) बघा, डोळ्यांच्या अंदाजावर विश्वास नको.

विमान बांधून झालं की हॉब्ज आणि टॅकचे (इंजिनाचे तास मोजणाऱ्या दोन मीटरचे) आकडे लिहा, ऑइल किती उरलं ते नोंदवा आणि काही खटकलं असेल तर स्क्वॉकच्या (विमानातल्या बिघाडांच्या) यादीत टाका.

पैशाचा नियम पक्का आहे. प्रायव्हेट पायलटने विमानाचं भाडं, इंधन, ऑइल आणि विमानतळाचं शुल्क यांत निदान आपला समान वाटा भरलाच पाहिजे. हॉब्ज १.४ तास, भाडं इंधनासह समजा तासाला २०० डॉलर, म्हणजे २८० डॉलर. चौघे असतील तर प्रत्येकी ७०, आणि वैमानिकाने ७० पेक्षा कमी भरायचे नाहीत. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. ऑम्लेटचे पैसे त्यांनी दिले तर ते या हिशेबात धरू नका.